पत्र्यावरचं अंगेर

आमचा म्हातारा बोलायचा कमी आणि विणायचा जास्त. लग्न होऊन मी या वाडीत आले तेव्हा पहिला पावसाळाभर मला वाटत होतं, बापानं मला मुक्याच्या गळ्यात बांधलं. सकाळी उठला की आंब्याखाली मागावर बसायचा आणि ऊन डोक्यावर येईस्तोवर धोट्याची खटखट. "अहो, जेवता का?" विचारलं तर मान हलवणार. "कालवणात मीठ बरंय का?" विचारलं तरी मान हलवणार. थोरली, म्हणजे त्याची पहिली बायको, मला म्हणायची, "वांतोर, कशाला उगाच घसा कोरडा करतेस? या माणसाला काही सांगायचं असलं की तो विणून सांगतो." ती गेली बिचारी, पण तिचं बोलणं खोटं नव्हतं.

विणायचा तो अंगेर. आम्हा तिव लोकांचं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. लग्नात तेच, सणात तेच, मढ्यावरही तेच. चार बोटं रुंदीच्या पट्ट्या विणायच्या आणि एकीला एक शिवून मोठं कापड करायचं. काम किचकट, कंबरेची वाट लावणारं. पण आमच्या म्हाताऱ्याचं, उकांगेचं अंगेर म्हटलं की बाजारात लोक दुसऱ्या कुणाकडे वळायचे नाहीत. आता तो माग आंब्याला टेकवून ठेवलाय आणि त्यावर कोंबड्या बसतात. मी हाकलते, त्या परत बसतात. हल्ली मी हाकलायचंही सोडलंय, कुठवर पुरे पडणार माणूस.

लुबेम माझ्या पोटचा नव्हे. म्हाताऱ्याच्या धाकट्या भावाचा मुलगा. बेन्वे नदीत नाव उलटून भाऊ गेला तेव्हा पोराचे दुधाचे दात पडत होते. त्याच्या आईचं, इव्हेरेनचं, इथं मन लागेना. ती माहेरी परत गेली आणि पोरगं आमच्याकडे राहिलं, कारण आमच्यात पोर बापाच्या वाडीचं. पण त्याच्या जिवावर लक्ष मात्र आजोळचं असतं. ते मेलं की आजोळची माणसं येणार, अंगणात बसणार आणि विचारणार, आमच्या लेकीच्या पोराला करणी करून कुणी खाल्लं ते सांगा. उत्तर पटेपर्यंत खड्डा खणू देत नाहीत. पाद्रीबाबा दर रविवारी यावर घसा फोडून बोलतात, आम्ही "आमेन" म्हणतो, आणि मेल्यावर आजोळ येतंच.

म्हाताऱ्यानं त्या पोराला कसं वाढवलं ते मला विचारा. माझ्या स्वतःच्या लेकरांना त्यानं कधी खांद्यावर घेतलं नाही, पण लुबेम मागाखाली झोपायचा, लुबेमला पहिलं कोनफळ, लुबेमच्या शाळेसाठी ओळीनं चार वर्षं नवा सदरा नाही. मला राग यायचा. का येऊ नये? मी बोलायचे, "भावाचं पोर सोन्याचं आणि माझी काय उकिरड्यावर सापडली?" तो मान हलवायचा. हो म्हणायचा की नाही म्हणायचा ते आजतागायत कळलेलं नाही. आणि ते पोरगंही असं लबाड, की माझा राग टिकू द्यायचं नाही. तीळ कुटायला बसले की मागून येऊन मुसळ हातातून घ्यायचं आणि म्हणायचं, "काकू, तू बस, तू शिव्या दे, कुटायचं मी बघतो."

हे पोरगं पुढे हवाई दलात गेलं आणि विमान चालवायला लागलं. त्याचा तळ नदीपलीकडच्या शहरात, बसनं गेलं तर दुपारपर्यंत पोचावं एवढ्याच अंतरावर. पण साहेब झाला तसा गावाकडे येईना. एक नाताळ गेला, दुसरा गेला. सुट्टी नाही, सराव आहे, पुढच्या वेळी नक्की. दुसऱ्या नाताळानंतर म्हातारा बाजारात बुरुकुतूच्या गुत्त्यावर बसला होता. कुणीतरी डिवचलं, "काय उकांगे, तुमचा पक्षी यंदाही घरट्यात नाही?" आणि जन्मभर न बोललेला माणूस त्या दिवशी बोलला. तेही कुठं, तर भर बाजारात, ज्वारीच्या दारूचं मडकं हातात घेऊन, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं. "आकाशात उंडारतोय तो! पण एक दिवस त्याला खाली बघायला लावीन. नाही लावलं तर नावाचा उकांगे नाही!"

घरी आल्यावर मी म्हटलं, "वर्षाकाठी एकदा तोंड उघडायचं तर जरा बरं काही बोलायचं की हो." तो आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

पाऊस सुरू झाला आणि लुबेमचा फोन आला, माझ्या फोनवर. म्हाताऱ्याकडे फोन नव्हता, असता तरी त्यात बोलला कुठं असता. "काकू, बाबा अजून रागावलेत?" मी म्हटलं, "तूच विचार, मी काय तुमच्या दोघांची दूत आहे का?" आणि फोन म्हाताऱ्याच्या कानाला लावला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. लुबेम सांगत होता, स्वातंत्र्यदिनाला राजधानीवरून विमानं उडणार आहेत, त्यात तो आहे. त्याच्या आधी सराव होईल. एका सरावात विमानं आपल्या टेकडीवरून नदीकडे वळणार, अगदी खालून. "पण बाबा, वरून सगळे पत्रे सारखेच चमकतात हो. आपलं घर कुठलं ते कसं कळणार? छपरावर काहीतरी टाका ना. मी बघतो."

म्हातारा म्हणाला, "टाकतो."

फोन ठेवला आणि त्याच पावली मागावर जाऊन बसला. तो पावसाळा मी विसरणार नाही. त्याच्या डोळ्यात सारा आलेला, धड दिसेना, सूत ओवायला मी. तुटलं, बोलाव वांतोरला. गाठ बसली, बोलाव वांतोरला. शेतात तण माझ्या कमरेएवढं वाढलं आणि मी इथं सुतात अडकलेली. वर त्यानं काय केलं, तर अंगेरची जी रीत, की एक काळी रेघ, एक पांढरी, ती मोडली. म्हणाला, बारीक रेघा वरून दिसणार नाहीत. मग सगळी काळी पट्टी, तिला लागून आणखी काळी, हातभर काळं झालं की मग हातभर पांढरं. येणारे-जाणारे विणकर हसायचे. "उकांगे, डोळे पुरतेच गेले काय हो? असलं अंगेर कोण नेसणार?" हा आपला धोटा फेकतोय. एवढं मोठं कापड, की शेवटी ते शिवायला अंगण पुरेना, रस्त्यावर अंथरून शिवलं. खरं सांगते, चिडचिड करत होते मी, पण मनातून मला ते दिवस आवडले. घरात कुणीतरी येणार असावं तसं वाटत होतं.

सरावाच्या दिवशी आम्ही सकाळीच ते पत्र्यावर पसरलं. शिडी मी धरली. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. अख्खी वाडी अंगणात मान वर करून उभी. आवाज आधी आला, मग टेकडीवरून विमानं आली. तीन. तिरक्या ओळीत, एकाच्या खांद्याला दुसरं, दुसऱ्याच्या खांद्याला तिसरं. लोक ओरडायला लागले, बायका डोक्यावरची फडकी हलवायला लागल्या. आम्हाला कुठं माहीत त्यातला आमचा कोणता. म्हाताऱ्यानं हात हलवला नाही. नुसता वर बघत हसला. त्याचे एवढे दात मी लग्नात पण बघितले नव्हते.

आणि मग शेवटचं विमान जरा मधल्याकडे सरकलं. जरासंच. गर्दीत कुणी आपल्याला खेटावं तेवढं. मधलं उलटं झालं. दोन्ही नदीकडच्या झाडांमागे गेली, धूर आला, आणि धुराच्या बाजूला एक पांढरी छत्री उतरताना दिसली. एकच.

सगळे नदीकडे धावले. मी चार पावलं गेले आणि वळून बघितलं. म्हातारा धावत नव्हता. तो शिडी चढत होता. पत्र्यावर जाऊन त्यानं दगड बाजूला केले, अंगेर गोळा केलं, छातीशी धरून खाली आला आणि खोलीत गेला. मी मागोमाग गेले तेव्हा त्यानं ते खाटेखाली सारलं होतं आणि वर बसला होता.

संध्याकाळी शिपायांची गाडी आली. छत्रीनं उतरला तो दुसरा, दाव्हू नावाचा. लुबेम गेला. सगळ्या बायांनी हंबरडा फोडला, मीही फोडला. म्हातारा खाटेवरून उठला नाही. मी आत गेले तर म्हणाला, "वांतोर, मी मारला त्याला."

"काहीतरीच काय बोलता? दोन विमानं एकमेकांवर आदळली."

"कशानं आदळली? त्यानं खाली बघितलं. मीच म्हटलं होतं ना, त्याला खाली बघायला लावीन. लावलं मी."

ते विमान सरकताना मीही बघितलं होतं. फक्त मला हे माहीत नव्हतं की शेवटच्यात कोण होता आणि मधल्यात कोण.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. माणूस मेला की जिवंतांनी पाणी भरायचं. कोण कुठून येतं, रडतं आणि जेवायला बसतं. कोनफळ उकडा, कुटा, तिळाचं कालवण करा, भांडी घासा, परत उकडा. माझे हात सुजले होते. रडायला बसले की कुणीतरी विचारायचं, "काकू, मीठ कुठं ठेवलंय?" आणि म्हातारा त्या खाटेवरून हलायचा नाही. मी ताट नेऊन ठेवायचे, तसंच परत आणायचे.

पेटी आणली त्या दिवशी आजोळ आलं. इव्हेरेन, तिचा थोरला भाऊ झाहेमेन, आणि त्यांच्या गावची बरीच माणसं. पेटी आंब्याखाली ठेवली होती, वर झेंडा, बाजूला बंदूकधारी शिपाई आणि एक साहेब. साहेबानं आधीच सांगून टाकलं होतं, पेटी उघडायची नाही. आम्ही समजलो काय ते. इव्हेरेन पेटीला टेकून बसली आणि तिथून उठली नाही. म्हाताऱ्याला मी हाताला धरून अंगणात आणून बसवलं.

झाहेमेन आमचा पाहुणा, पण त्या दिवशी त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. काठी आपटत म्हणाला, "दाजी, आम्ही लेक दिली, तिचं पोर तुमच्या पदरात घातलं. आता पेटी बघतोय. कुणी खाल्लं त्याला?"

साहेब मध्ये बोलला, "हा अपघात आहे. चौकशी चालू आहे, अहवाल येईल."

"साहेब, तुम्ही विमानाची चौकशी करा. आम्ही माणसाची करतोय." झाहेमेन म्हाताऱ्याकडे वळला. "बाजारात तुम्ही काय बोलला होता, ते अख्ख्या गावानं ऐकलंय. त्याला खाली बघायला लावीन. बोललात की नाही?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. या वेळी ती हो म्हणून हलली ते सगळ्यांना कळलं.

"आणि त्या दिवशी छपरावर कापड पसरलंत. रीत मोडून विणलेलं. हे विणकर लोक सांगतात, असलं अंगेर त्यांनी जन्मात बघितलं नाही. पोरगं त्याच्यावर आलं आणि पडलं. कुठाय ते कापड?"

म्हाताऱ्यानं खोलीच्या दाराकडे बघितलं.

"का लपवलंत?"

गप्प. माझं डोकं फिरलं. मी बायांच्या घोळक्यातून ओरडले, "अहो, तोंड उघडा की! सांगा ना फोन आला होता म्हणून! पाहुणे, पोरानंच सांगितलं होतं पसरायला, माझ्या फोनवर, या कानांनी ऐकलंय मी!"

"बायकोची साक्ष धरत नाहीत वहिनी," झाहेमेन म्हणाला. तसा वाईट माणूस नव्हता. त्याचंही तोंड सुकलं होतं, भाचा होता तो त्याचा. "त्यांना बोलू दे. ते बोलले नाहीत तर मी पोराला आमच्या मातीत नेणार. आणि या वाडीतल्या माणसांनी ठरवावं, असल्या म्हाताऱ्याच्या हातचं यापुढं खायचं की नाही."

याचा अर्थ काय ते मला कुणी सांगायला नको होतं. माझ्या माहेरी एकाला असं घालवलेलं मी बघितलंय. घर पाडत नाहीत, मारत नाहीत. फक्त कुणी त्याच्या चुलीवरचं खात नाही, कुणी त्याच्या दारात बसत नाही, आणि एक दिवस तो गाठोडं घेऊन आपणच निघून जातो. आमच्या म्हाताऱ्याला गाठोडं घेऊन जायला गाव कुठलं होतं?

मग इव्हेरेन बोलली. पेटीवरून डोकं न उचलता. "भाऊजी, वाढवलं तुम्ही. मी तर टाकून गेले होते. तुमच्यावर माझा राग नाही. पण बोला. मला कळू तरी द्या."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता हा सांगणार, मीच मारला म्हणून. आणि एकदा ते शब्द बाहेर पडले की मग संपलं.

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला. भाड्याची, मागं एक तरुण बसलेला. गळ्याला पट्टा, एक हात झोळीत, तोंडावर खरचटलेलं, अंगात दवाखान्याचे कपडे. उतरताना पडता पडता वाचला. साहेब ताडकन उठला. "दाव्हू! तुला दवाखान्यातून सोडलं कुणी? इथं एक शब्द बोलायचा नाही, हुकूम आहे!"

तो म्हणाला, "साहेब, नंतर काय करायचं ते करा माझं." आणि सरळ अंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिला.

हा तो वाचलेला. उत्तरेकडच्या जोसच्या डोंगरातला, आमची भाषा येत नव्हती. पाद्रीबाबा पुढे झाले, तो इंग्रजीत बोलायचा आणि ते तिवमध्ये सांगायचे. खरं सांगते, त्याला बघून माझ्या मनात दया आली नाही. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. एक छत्री उतरली आणि तिच्यात हा होता.

तो म्हणाला, "लुबेमचे बाबा कोण?"

लोकांनी बोट दाखवलं. तो म्हाताऱ्यासमोर खाली मातीत बसला.

"बाबा, तीन विमानं होती. पहिल्यात आमच्या ओळीचे पुढारी. मधल्यात लुबेम. शेवटी मी. आमच्यात एक नियम असतो. पुढारी रस्ता बघतो. बाकीचे कुणी रस्ता बघत नाहीत, जमीन बघत नाहीत, आभाळ बघत नाहीत. लुबेमनं फक्त पुढाऱ्याच्या पंखाकडे बघायचं. मी फक्त लुबेमच्या. पापणी मिटायलाही भीती वाटते इतकं जवळ असतो आम्ही."

पाद्रीबाबांनी सांगितलं.

"सकाळपासून तो एकच बोलत होता. आज बाबा छपरावर कापड टाकणार. बाबांनी अख्खा पावसाळा विणलंय. मी म्हटलं, वेड्या, तू मधे आहेस, तुला मान वळवता येणार नाही, मग त्यांना बघतो म्हणून कशाला सांगितलंस? तर हसला. म्हणाला, बाबा रागावले होते, आणि दुसरं काय सांगणार? म्हणाला, दाव्हू, तू कडेला आहेस. तू बघ माझ्यासाठी. कसं दिसतं ते मला संध्याकाळी सांग."

मग तो पुढचं बोलला आणि पाद्रीबाबांनी ते लगेच सांगितलं नाही. तिथंच चुळबुळत उभे. मी म्हटलं, "अहो बाबा, रविवारी तुमचं तोंड बंद होत नाही, आत्ता काय झालं?"

ते हळूच म्हणाले, "तो म्हणतो, लुबेमनं खाली बघितलं नाही. एकदाही नाही. तो पुढाऱ्याकडेच बघत होता. मी बघितलं."

दाव्हू रडत नव्हता. नुसता बोलत होता, पुन्हा पुन्हा सांगून थकलेल्या माणसासारखा. "टेकडी ओलांडली आणि मी खाली बघितलं. क्षणभर. परत वर बघितलं तेव्हा माझा पंख त्याच्या शेपटीत होता. माझं विमान तुटलं, माणसाला बाहेर फेकून वाचवणारी माझी खुर्ची मला घेऊन उडाली. त्याचं उलटं झालं होतं. उलट्या विमानातून खुर्ची उडाली तर जमिनीकडेच उडते. त्याला ते माहीत होतं."

इव्हेरेनच्या तोंडून असा आवाज आला की मी तिच्याकडे गेले आणि तिला धरलं. झाहेमेन उभा राहिला. "म्हणजे तू खाल्लंस," तो म्हणाला. दाव्हूला भाषा कळली नाही, पण अर्थ कळला असावा. तो मान खाली घालून तसाच बसला. आजोळची तरुण पोरं पुढे सरकली, शिपायांनी बंदुका सावरल्या, साहेब ओरडायला लागला.

आणि आमचा म्हातारा उठला. त्या खाटेवर बसून त्याचे गुडघे धरले होते, झोकांड्या खात आत गेला. मला वाटलं, चक्कर आली. बाहेर आला तर दोन्ही हातांत ते अंगेर. अर्धं जमिनीवरून फरफटत येतंय, त्याला सावरेना. सगळे बाजूला झाले. लोकांनी प्रथमच ते जवळून बघितलं. हातभर काळं, हातभर पांढरं.

"झाहेमेन," तो म्हणाला. आवाज घोगरा, वापरात नसलेल्या दाराच्या बिजागरीसारखा. "मागितलं लुबेमनं. विणलं मी. बघितलं यानं. आता तिघांपैकी कुणी खाल्लं ते तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही. मी बसून खूप ठरवलं."

म्हाताऱ्यानं दाव्हूकडे बघितलं आणि पाद्रीबाबांना म्हणाला, "त्याला विचारा, वरून दिसत होतं का?"

पाद्रीबाबांनी विचारलं. दाव्हूनं मान वर केली. कापडाकडे बघितलं आणि मग कितीतरी वेळ बोलला, चांगल्या हातानं हवेत काहीतरी दाखवत. पाद्रीबाबांनी एवढंच सांगितलं, "म्हणतो, दिसत होतं. दुसरं काहीच दिसत नव्हतं इतकं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. साहेबाला म्हणाला, "झेंडा तुमचा. तुम्ही घ्या." शिपायांनी झेंडा काढून त्याची घडी घातली. मग म्हातारा अंगेर पेटीवर पसरायला लागला. एकट्याला जमेना. एक टोक मी धरलं, एक इव्हेरेननं. चौथ्या टोकाला कुणी नव्हतं. ते मातीत लोळत होतं. तेव्हा झाहेमेननं काठी टाकली आणि ते उचललं.

पेटी झाकली गेली. म्हातारा दाव्हूजवळ गेला, त्याच्या बऱ्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि पेटीजवळ आणून बसवलं.

"संध्याकाळी सांगणार होतास ना त्याला?" तो म्हणाला. "सांग आता."

पाद्रीबाबांनी ते इंग्रजीत सांगितलं. दाव्हूनं आधी म्हाताऱ्याकडे बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडे. मग पेटीवर वाकला आणि बोलायला लागला. इंग्रजीत नाही, त्याच्या डोंगरातल्या भाषेत, जी त्या अंगणात कुणालाच येत नव्हती. बराच वेळ बोलला. मध्ये एकदा थोडा हसलासुद्धा.

झाहेमेननं आमच्या पोरांकडे कुदळ मागितली आणि विचारलं, याच्या बापाचा खड्डा कुठं आहे, त्याच्याच शेजारी खणू.